पाठराखीण हवालदार

॥ श्री ॥

संत तुकाराम नगर, पिंपरी
४ जून १९७८

सौ. सुभद्राबाई विहीणबाईंना कुसुमचा नमस्कार.

लग्न होऊन पंधरवडा उलटला. तुमच्याकडून खुशालीचं कार्ड येईल म्हणून वाट पाहिली. पण चाकणच्या बाजारात कांद्याची आवक जोरात आहे असं ऐकलं, तेव्हा तुम्हाला सवड कुठली. म्हणून मीच लिहायला बसले.

मांडवातलं सगळं मी विसरले आहे. दुसरी पंगत बसली तेव्हा मठ्ठा संपला होता आणि आमच्या साताऱ्याकडच्या पाहुण्यांनी पाण्याबरोबर भात गिळला, हेही मी कोणाजवळ बोलले नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून फक्त लिहिलं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. नवरीबरोबर पाठराखीण पाठवायची रीत आमच्याकडेही आहे. नवी मुलगी बावरते, म्हणून माहेरची एखादी बाई चार दिवस सोबतीला राहते आणि चोळीचा खण घेऊन परत जाते. तुमच्या जाऊबाई आल्या, राहिल्या, गेल्या. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या गेल्या त्याच संध्याकाळी आमच्या शेजारच्या नूरमोहम्मदचा टेंपो चाकणहून कांदे घेऊन आला आणि पोत्यांवरून उडी मारून एक तांबडं, अर्ध्या कानाचं कुत्रं सरळ आमच्या घरात शिरलं. ते इंदूच्या पायांवर लोळायला लागलं आणि इंदू रडायला लागली. पाठवणीच्या वेळीही एवढी रडली नव्हती. चौकशी केली तेव्हा कळलं की हे तुमचंच कुत्रं आणि याचं नाव हवालदार. एक पाठराखीण पुरली नाही म्हणून दुसरी पाठवलीत का?

विहीणबाई, ही कॉलनी आहे. दीड खोली, मागे हातभर अंगण. इथे कंपनीतली माणसं राहतात, तीन पाळ्यांत झोपतात आणि उठतात. शिवाय आमच्याकडे राघोबा आहे. इंदूने सांगितलं असेलच. माझा पोपट. सहा वर्षांपूर्वी अंगावर पिसं नव्हती तेव्हा मी त्याला डाळ चावून भरवली आहे. ‘कोण आहे?’ असं स्पष्ट विचारतो. आमच्या सयाजीला लहानपणी एवढं स्पष्ट बोलता येत नव्हतं. तुमचा हवालदार पिंजऱ्याखाली उभा राहून गुरगुरला, तर राघोबा उलटा लटकून असा किंचाळला की दुसऱ्या पाळीहून आलेली निम्मी कॉलनी जागी झाली.

नूरमोहम्मदने त्याला दोनदा टेंपोत घालून नेलं. दोन्ही वेळा भोसरीला उडी मारून परत आला. तेव्हा तुमच्याकडचं कोणी तरी येऊन त्याला घेऊन जावं.

इंदू बरी आहे. जरा अबोल आहे, पण शिकेल.

लोभ वाढावा असं शेवटी लिहायचं असतं, ते लिहिते.

कुसुम

॥ श्री ॥

चाकण
१२ जून १९७८

सौ. कुसुमताई विहीणबाईंना सुभद्राचा नमस्कार.

पत्र पोचलं. तुम्ही मांडवातलं विसरलात हे वाचून बरं वाटलं, आता मीही विसरते. सांगितलीत तेवढीच माणसं आली असती तर मठ्ठा पुरला असता, हेही विसरले.

हवालदारला आम्ही पाठवला नाही. आमच्याकडून जे आलं ते रुखवतात मांडलं होतं. तुम्ही एकेक भांडं उलटं करून पाहिलंत, त्यात कुत्रं नव्हतं. तो आपल्या पायांनी आला आहे. इंदू शाळेत असताना तिने त्याला बाजारातल्या गाड्याच्या चाकाखालून ओढून काढला, तेव्हा अर्धा कान तिथेच राहिला. तेव्हापासून हा आमच्या कांद्याच्या वखारीची राखण करायचा आणि इंदू शाळेतून आली की राखण सोडून द्यायचा. इंदूची पाठवणी झाली तर तीन दिवस वखारीच्या दारात पडून होता. आमचे हे म्हणाले, “हवालदाराची बदली झाली, त्याला अजून कागद मिळाला न्हाई.” मग एक दिवस दिसेनासा झाला. आम्हाला वाटलं मेला. तुमच्या पत्राने तो जिवंत असल्याचं कळलं, त्याबद्दल आभार.

आणायला यायला सध्या माणूस नाही. कांदा पावसाच्या आत हलवायचा आहे. तोवर त्याला शिळी भाकरी टाकली तरी चालते. राघोबाला म्हणावं, घाबरू नको. आमच्याकडे तो कोंबड्यांमध्ये झोपत होता.

इंदूबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, राघोबाबद्दल आठ. मोजायची माझी वाईट खोड आहे, कांद्याच्या बाजारात लागलेली. एक सांगते, रागावू नका. आमची इंदू मागून घेणाऱ्यातली नाही. ‘वाढू का?’ म्हटलं की पहिल्यांदा नको म्हणते, दुसऱ्यांदा विचारलं की पान पुढे करते. तर तिला दोनदा विचारत जा. तेवढीच माझी काळजी जाईल.

जावईबापूंना आशीर्वाद.

सुभद्रा

॥ श्री ॥

संत तुकाराम नगर, पिंपरी
२ जुलै १९७८

सौ. सुभद्राबाई विहीणबाईंना नमस्कार.

तुम्हाला हसू येईल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. हवालदाराची आणि राघोबाची गट्टी जमली.

कशी जमली ते मला कळलं नाही. पहिले चार दिवस एक खाली गुरगुरत होता, एक वर किंचाळत होता. मग एक दिवस मी दुपारची झोप काढून उठले, तर राघोबा पिंजऱ्याच्या तळाशी बसून गजांमधून मिरचीचे देठ खाली टाकतोय आणि हवालदार ते हुंगून हुंगून एका जागी गोळा करून ठेवतोय. खात नाही, पण टाकूनही देत नाही. आता तर मी पिंजरा उघडला की राघोबा उतरतो आणि त्याच्या पाठीवर बसून गोचिड्या टिपतो. हा आपला डोळे मिटून न्हाव्यापुढे बसावं तसा बसतो. कंपनीचा भोंगा झाला की हवालदार मान वर करून रडतो आणि राघोबा त्याच्या डोक्यावर उभा राहून त्याला साथ करतो. अख्खी कॉलनी बघायला येते. शेजारची झुलेखाबी म्हणाली, “ताई, माझी दोन पोरं एका आईच्या पोटची असून दिवसभर भांडतात. ह्यांना कोणी शिकवलं?” मी म्हटलं, शेवटी घराचं वळण असतं.

हवालदार आता अंगाने चांगला भरला आहे. मी काही विशेष घालत नाही, पण पिंपरीचं पाणी मानवलेलं दिसतं.

इंदूचं म्हणाल तर तिला दोनदा विचारायचा प्रश्नच येत नाही, कारण ती सयाजी जेवल्याशिवाय जेवतच नाही. मी तिला तसं सांगितलेलं नाही. तुम्हीच शिकवलं असेल. चांगली रीत आहे, मीही मोड म्हणाले नाही. सयाजीची पहिली पाळी असली तर तो साडेतीनपर्यंत येतो. दुसरी असली तर उशीर होतो, तोवर मी झोपलेली असते. नवराबायको नंतर जेवतात. आमच्या वेळी मीही अशीच थांबले. त्यात अंगावरचं मांस कमी झालं नाही, उलट वाढलंच.

मात्र मुलगी हसत नाही हो. मीठ मागायचं तरी कुजबुजते. मागच्या दारी बसून त्या दोघांशी मात्र बोलत असते. मी गेले की गप्प. आता एवढा मोठा पोपट ‘कोण आहे?’ विचारतो आणि सुनेला उत्तर देता येत नाही.

आखाड लागतोय. नव्या सुनेने पहिल्या आखाडात सासूचं तोंड पाहू नये, ही रीत दोन्हीकडे आहे. सयाजी सुट्टीच्या दिवशी तिला आणून सोडेल. हवालदारही बरोबर येईल. पाठराखिणीने किती दिवस राहावं यालाही काही मर्यादा असते.

कुसुम

॥ श्री ॥

चाकण
२२ जुलै १९७८

सौ. कुसुमताई विहीणबाईंना नमस्कार.

इंदू आणि हवालदार दोघं सुखरूप पोचले. एक जाड होऊन आला, एक बारीक होऊन आली. तुमच्या घरचं वळण मला कळलं नाही.

लग्नात घातलेला चुडा कोपरापर्यंत सरकतोय. चोळ्या आत घ्याव्या लागल्या. विचारलं तर म्हणते, “सगळी चांगली हायती, आई.” सासू? चांगल्या. सासरे? चांगले. नवरा? त्यावर तोंड फिरवून शेंगा सोलायला लागली. विहीणबाई, एखादी मुलगी सगळे चांगले आहेत असं सलग तीनदा म्हणाली की आईला झोप येत नाही. मी कोणावर आरोप करत नाही. खाई त्याला खवखवे, एवढंच म्हणते.

आणि हा हवालदार. आल्यापासून वखारीकडे फिरकला नाही. पुढ्यात भाकरी टाकली की तोंडात धरून बसतो आणि इकडेतिकडे बघतो. कोंबडीपुढे नेऊन ठेवली. कोंबडी बिचारी पळाली. आमचे हे म्हणतात, “ह्याला पंगतीची सवय लागलीया.” मी म्हटलं, तिथे पंगत होती तर माझी मुलगी कुठे बसत होती?

असो. नागपंचमीपर्यंत इंदू इथे राहील. तिने मैत्रिणींबरोबर झोके घेतले, थोडी हसली. आमच्यात पहिल्या आखाडानंतर मुलीला न्यायला सासरचं माणूस येतं. सासूने यावं किंवा जावयाने यावं, मानाने ओटी भरून घ्यावी आणि न्यावं. तुम्ही दिवस कळवा, मी तयारीला लागते. मठ्ठा या वेळी संपणार नाही.

सुभद्रा

॥ श्री ॥

संत तुकाराम नगर, पिंपरी
१२ ऑगस्ट १९७८

सौ. सुभद्राबाईंना नमस्कार.

मन थाऱ्यावर नाही, अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घ्या. राघोबा खात नाही.

हवालदार गेल्यापासून हे सुरू झालं. आधी वाटलं, पावसाळी हवा आहे. मग मिरची टाकली, नुसती चोचीत धरली आणि खाली सोडली. खाली घ्यायला कोणी नाही असं दिसल्यावर दुसरी घेतलीच नाही. पेरू दिला, भिजवलेली डाळ दिली, शेंगदाणे सोलून दिले. पूर्वीसारखी डाळ चावून चोचीत घातली तर त्याने ती माझ्याच अंगावर थुंकली. शेपटीची पिसं गळली. भोंगा झाला की तळाशी उतरतो, गजांतून खाली बघतो आणि पुन्हा वर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसतो. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, “बाई, याला रोग नाही. याचं कोणी गेलंय का?” मला रडू आलं. एवढ्याशा जिवाला काय वाटत असेल! त्याला सांगता येत नाही म्हणून काय झालं, आपल्याला समजायला नको का? मीही पानावरून तशीच उठते.

तेव्हा कृपा करून हवालदारला पाठवा. नूरमोहम्मदचा टेंपो दर दोन दिवसांनी चाकणला असतोच, मी सांगून ठेवलं आहे.

न्यायला यायचं म्हणालात. आमच्यात तशी रीत नाही. आमच्यात माहेरची माणसं आखाड संपला की मुलीला आणून घालतात. माझी जाऊ अशीच आली, मी अशीच आले. मुलीच्या दारात मुलाकडच्यांनी न्यायला उभं राहायचं म्हणजे उलटंच. त्यापेक्षा सोपं करा. हवालदार येणारच आहे, तर इंदूलाही त्याच टेंपोत बसवून द्या. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा असते. नूरमोहम्मद घरचाच आहे.

उशीर करू नका. राघोबाची ताकद संपत चालली आहे.

कुसुम

(कार्ड)

चाकण
१६ ऑगस्ट १९७८

विहीणबाईंना नमस्कार.

माझी मुलगी कांद्याचं पोतं नाही. कुत्रंही टेंपोने यायचं नाही, त्याला भोसरीला उतरायची सवय आहे. ज्याला जे हवं आहे त्याने येऊन न्यावं. दोघंही इथेच आहेत.

कार्डावर लिहिते, पोस्टमनने वाचलं तरी माझी हरकत नाही.

सुभद्रा

॥ श्री ॥

चाकण
२६ ऑगस्ट १९७८

सौ. कुसुमताईंना.

नमस्कार लिहिते, कारण हात तसाच वळतो.

परवा जावईबापू आले. मित्राची फटफटी मागून आणली होती. फटफटी ओळखीची नव्हती, तरी इंदू आवाजासरशी आत पळाली. हिरवं पातळ नेसली. ट्रंक तर पंचमीच्या दुसऱ्या दिवसापासून भरून ठेवली होती. मी चुलीवर पुरण चढवलं. जाऊबाई आल्या, शेजारच्या दोघी आल्या. नारळ, तांदूळ, खण, सगळी ओटीची तयारी आतल्या खोलीत मांडली. म्हटलं, उशिरा का होईना, विहिणीला उमगलं.

जावईबापू ओसरीवर बसले. पाणी प्यायले. चहा प्यायले. आमच्या यांच्याशी पावसाबद्दल बोलले. पाऊस संपला तेव्हा कांद्याबद्दल बोलले. पान मांडलं. चार पोळ्या खाल्ल्या, पाचवीला नको म्हणाले, मी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा घेतली. हात धुतले. मग खाली बघून म्हणाले, “आई म्हणाली, हवालदारला घेऊन ये.”

मी थांबले, म्हटलं पुढचं बोलतील. हे थांबले. आत बायका थांबल्या. मुलीच्या आईने आपल्या तोंडाने ‘हिला घेऊन जा’ म्हणायचं नसतं, मुलगी जड झाली असा अर्थ होतो. शेवटी यांनी विचारलं, “आनि बाकी समदं?” तर म्हणाले, “बाकी आई काय बोलली नाही.”

मग त्यांनी हवालदारला चादरीत गुंडाळला, फटफटीच्या टाकीवर आडवा घातला आणि निघाले. कुत्र्याचा अर्धा कान वाऱ्यावर उडत होता. इंदू दाराच्या चौकटीत उभी होती. हिरवं पातळ तिने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं.

कुसुमताई, माझ्या घरी मुलीला न्यायला जावई आले आणि कुत्रं घेऊन गेले. चाकणच्या बाजारात आता भावाच्या आधी हीच गोष्ट सांगतात. तुमच्या राघोबाने खाल्लं असेल अशी आशा आहे. माझ्या घरात त्या दिवसापासून कोणी पोटभर जेवलेलं नाही.

सुभद्रा

॥ श्री ॥

संत तुकाराम नगर, पिंपरी
३१ ऑगस्ट १९७८

सौ. सुभद्राबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

सयाजी तुमच्या ओसरीवर दोन तास बसला होता. कशासाठी? पावसाच्या गप्पांसाठी? तो वाट बघत होता, आता आतून ट्रंक येईल, आता इंदू येईल, आता कोणी तरी म्हणेल, “बापू, हिला न्या.” वडीलधाऱ्यांच्या देखत आपल्याच बायकोचं नाव काढायला तो काय सिनेमातला आहे? तुम्ही पोळीमागून पोळी वाढलीत, पण शब्द एक काढला नाहीत. त्याला वाटलं, ह्यांना मुलगी पाठवायचीच नाही. घरी आला, फटफटी परत केली आणि न जेवता झोपला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी काय केलं?

हवालदारला आत सोडला तेव्हाची गोष्ट सांगते. राघोबा पिंजऱ्यातून पडल्यासारखा खाली आला. दोघं एकमेकांभोवती इतके फिरले की माझाच डोळा फिरला. मिरची टाकली, राघोबाने खाल्ली. भाकरी टाकली, हवालदारने खाल्ली. दोघांनी एकदमच. मी पदर तोंडाला लावून रडले, खोटं कशाला सांगू.

पण दोन दिवसांनी हवालदार पुढच्या दारात जाऊन बसला. राघोबाही जाऊन त्याच्या पाठीवर बसला. आता दोघं रस्त्याकडे बघत बसतात. फटफटी गेली की दोन्ही माना वळतात. झुलेखाबी म्हणते, “ताई, ह्यांचं तिसरं माणूस राहिलं तिकडं.” तिला काय, बोलायला होतं.

गौरी तोंडावर आल्या आहेत. नवी सून पहिल्या गौरीला घरात नाही म्हटल्यावर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी काय सांगू? पोपट सांभाळायला कुत्रं आणलं, सून ठेवून आले, असं सांगू? तुम्ही आणून घाला. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते, मग कोण आलं आणि कोणी आणलं हे कोण विचारतंय.

कुसुम

चाकण
३ सप्टेंबर १९७८

नमस्कार.

तुम्हाला काय मायना लिहायचा ते मला माहीत नाही. आपण कधी एकमेकांना लिहिलंच नाही. हे पत्र नूरमोहम्मदचाचांजवळ देते आहे, ते पाळी सुटताना गेटवर तुम्हाला देतील. घरी पाठवलं तर आधी सासूबाई वाचतील. पोस्टात टाकायला दिलं तर आधी आई वाचेल. दोघी मिळून तीन महिने माझ्याबद्दल लिहिताहेत. आईला आलेली सगळी पत्रं मी वाचली, आई त्यांना काय लिहिते तेही वाचलं. दोघींनी माझ्यापेक्षा चांगलं भांडण केलं आहे.

आई म्हणते, सासूबाईंनी मला उपाशी ठेवलं. सासूबाईंना वाटतं, माहेरच्या आठवणीने मी वाळले. दोघींचं चुकलं. मला तुम्ही उपाशी ठेवलंत आणि तुम्हाला ते माहीतही नाही.

नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही, असं आईने शिकवलं. तुम्ही पाळीहून यायचात, बूट काढायचात आणि म्हणायचात, “मी कँटीनला जेवलोय.” आणि झोपायचात. रोज. पहिली पाळी असो नाहीतर दुसरी. मी ताट झाकून थांबलेली असायचे. तुम्ही जेवलात म्हणजे खरं तर मला जेवता यायला हवं. पण एकटीने ताट घेऊन बसायची मला लाज वाटायची. भांड्याचा आवाज झाला की सासूबाई आतून “कोण आहे?” म्हणायच्या, आणि मागोमाग राघोबाही. नव्या घरात, सगळे जेवून झोपलेले असताना, मी खाते आहे असं कोणाला कसं सांगायचं? मग ती भाकरी मी मागच्या दारी हवालदारला घालायचे. तो खायला लागला की राघोबा वरून मिरची टाकायचा आणि आपणही खायला लागायचा. त्यांची गट्टी तिथे जमली. माझ्या भाकरीवर. त्या घरात एका वेळी जेवणारे ते दोघंच होते. मी त्यांच्याकडे बघत बसायचे आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. कुत्र्याचा आणि पोपटाचा हेवा, हसू नका.

मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पण तुम्हीही एकदासुद्धा विचारलं नाहीत, “तू जेवलीस का?” राघोबा जेवत नाही म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलं, त्याचं मला वाईट वाटत नाही. तो माझाही आहे.

त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मला इतका आनंद झाला होता की पिना उलट्या लावल्या. मला तुमच्याबरोबर यायचं होतं. आजही यायचं आहे. तुम्ही पाचवी पोळी खात होतात तेव्हा मी दाराआड उभी राहून मनात म्हणत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. तुम्हाला म्हणे लाज वाटली. कुत्रं मागायला वाटली नाही.

आई मला आणून घालणार नाही, सासूबाई न्यायला येणार नाहीत. त्या दोघींच्या रीती त्यांच्यापाशी राहू देत. तुम्हाला मी हवी असेन तर तुमच्या तोंडाने सांगा. नको असेन तर तेही सांगा, म्हणजे मी ट्रंक रिकामी करते. इथल्या बालवाडीत बाई हव्या आहेत.

इंदू

(कार्ड)

पिंपरी
५ सप्टेंबर १९७८

इंदू,

हे मुद्दाम उघड्या कार्डावर लिहितो आहे. पोस्टमन, तुझी आई, तुझे वडील, सगळ्यांनी वाचावं. मला तू हवी आहेस. मी तुला न्यायला येतो आहे. कोणी पाठवलं म्हणून नाही.

गुरुवारी सकाळची पाळी सुटली की निघतो. तू ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडवर थांब. घरात आलो तर तुझी आई पान मांडेल, आणि पानावर बसलो की मला बोलता येत नाही हे आता दोन्ही गावांना कळलं आहे. जेवायला पुन्हा येऊ, दोघं. आईंना रागावू नका म्हणावं.

कँटीनचं जेवण बंद केलं. तेव्हा उपाशी येणार आहे. भाकरी बांधून आण, दोघांना पुरेल एवढी. मोशीच्या पुलाजवळ उतरून खाऊ. तू आधी खायचं का मी आधी, यावर तिथे भांडू.

माझ्या चुकीबद्दल कार्डावर काय लिहू? समोर आल्यावर सांगतो. नीट सांगता आलं नाही तर तू दोनदा विचार.

आईला विचारलं नाही, सांगितलं. ती म्हणाली, “मग त्या दिवशी काय नुसतं कुत्रं आणायला गेला होतास?”

सयाजी